क्यूआरवर कोणाचं नाव

शकुनच्या वळवटाला अमरावती-अकोल्यापर्यंत मागणी होती. सरगुंडे, शेवया, गव्हले. सगळं हातानं केलेलं आणि लग्नाच्या रुखवतात मिरवायचं. साल २०१८. आदल्या वर्षी बोंडअळीनं धामणगावकडची कपाशी पोखरली, तेव्हापासून घर या वळवटावरच चाललं होतं, आणि नेमकं तेच तिच्या नवऱ्याच्या, गोवर्धनच्या डोळ्यांत सलत होतं.

गिऱ्हाइकं आता फोनवरून पैसे पाठवायला बघत. कोणती सोय ठेवावी ते विचारायला शकुन मोबाइलच्या दुकानवाल्या नगमाकडे गेली. पाळत ठेवल्यासारखा गोवर्धनही मागोमाग.

नगमानं नीट समजावलं. कार्डाच्या मशीनला दर महिन्याचं भाडं. पार्सल पोचल्यावर पैसे घ्यायचे, तर कुरिअरवाला पंधरा दिवस ताटकळत ठेवणार, आणि माल परत आला तर सरगुंड्यांचा भुगा घरी येणार. "क्यूआर ठेवा काकू, फुकट आहे. खातं कोणाचं लावू?"

"मायं," गोवर्धन म्हणाला. "बाईच्या नावानं पैसे घ्याचे काय आता?"

राबायचं हिनं आणि नाव याचं! शकुनच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघांत तमाशा नको म्हणून ती गप्प बसली. तिथंच चुकलं.

आठवड्यानं अमरावतीच्या एका बाईंचा फोन आला. मुलीच्या लग्नाचं रुखवत, सहा हजारांचा माल. "शकुनताई, तुमच्या क्यूआरवर भलतंच नाव दिसतंय. कोणाचं आहे ते सांगा. जुळलं की पाठवते."

संसाराच्या सव्वीस वर्षांत उखाण्याशिवाय शकुननं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "आमच्या घरचेच हायेत," ती म्हणाली.

"ते ठीक आहे, पण नाव?"

तिनं फोन गोवर्धनच्या हाती दिला. तो खेकसला, "पाठवाचे असतीन तं पाठवा, नाई तं राहू द्या! आमी काय चोर हाओत?" बाईंनी फोन ठेवून दिला.

वर हा तिच्यावरच उखडला. "एक नाव सांगता येत नाई तुले? अन् म्हने धंदा करते!"

ज्याचा मान राखायला तोंड आवरलं, त्यानंच तिला मूर्खात काढलं. शकुनला संतापानं रडू फुटलं. डोळे पुसून तिनं कपाटातून स्वतःचं पासबुक काढलं.

"घरात दोन नावं चालाची नाईत," गोवर्धन दारात आडवा उभा राहिला.

"एकच चालन. जे राबते तिचं," ती म्हणाली, आणि त्याला बाजूला सारून नगमाकडे गेली.

संध्याकाळी तिनं बाईंना नवा क्यूआर पाठवला. कणीक मळता मळता फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्याशी बोलू लागली. गोवर्धन समोर बाजेवर कान देऊन बसला होता.

"हां, आता तुमचं नाव आलं," बाई म्हणाल्या. "मग तो गोवर्धन कोण होता?"

गोवर्धननं डोळे वटारले. शकुननं सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"गोवर्धन माया नवरा हाये," ती म्हणाली. "या कामात त्याचं काई नाई. तुमी पाठवा पैसे."