खोक्यातला वारा

मित्रांनो, निळ्या पात्यांचा, उजवीकडे मान वळवताना कुरकुरणारा असा मी एक जुना टेबल पंखा आहे. सध्या कुंडलमध्ये एका खिडकीपाशी स्टुलावर उभा असतो. माझं वय फार नाही, पण त्यातली बरीच वर्षं मी खोक्यात काढली, म्हणून म्हातारा दिसतो.

पंख्यांच्या कारखान्यात ज्या बाईने माझ्या मोटारीची तार गुंडाळली, तिनेच मला पहिल्यांदा फिरवून पाहिलं. माझ्यासमोर उभं राहून तोंडावरचा घाम वाळवला आणि "जा बाबा, कुणाला तरी गार कर," असं म्हणून मला खोक्यात घातलं. त्या वेळी मला वाटलं, एवढं सोपं काम तर मी सहज करीन.

१९९२ सालच्या मार्चमध्ये साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बक्षीस समारंभ झाला. वर्षभरात एकही खाडा न केल्याबद्दल वॉचमन यल्लाप्पांना मी मिळालो. साहेबांनी हात मिळवला, टाळ्या पडल्या. यल्लाप्पांनी मला छातीशी धरलं, तेव्हा त्यांचं धडधडणारं काळीज मला पुठ्ठ्यातून जाणवत होतं. आजवर त्यांना कुणी काही दिलं नव्हतं.

त्यांचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे. साताऱ्यात ते खोली करून राहायचे आणि शनिवारी एस.टी.ने घरी यायचे. त्या शनिवारी मी त्यांच्या मांडीवर बसून गेलो. घर पत्र्याचं होतं. दुपारी पत्रा इतका तापायचा, की चिमणीसुद्धा त्यावर टेकत नसे. घरात त्यांची बायको जाईबाई होती, बारा वर्षांची मुलगी आम्रपाली होती, आणि खाटेवर पडून असलेली म्हातारी आई, रंगुबाई. पायांतली ताकद गेल्यापासून रंगुबाईला बाहेर लिंबाखाली जाता येत नव्हतं.

मला बाहेर काढलं. सगळे समोर बसले. आम्रपालीने बटणाला हात लावला, तोच यल्लाप्पा म्हणाले, "हात काढ. ह्यो तुज्या लग्नात द्यायचा हाय."

"आवं, लग्नाला अजून लय अवकाश हाय की," जाईबाई म्हणाली. "तवर आत्तींना वारा लागंल."

"मोटार झिजती. नवा म्हणून द्यायचाय मला."

रंगुबाई खाटेवरून म्हणाली, "एकदा तरी बघू दे रं, कसा येतोय वारा."

"लग्नात बघशील की, आई."

मी पुन्हा खोक्यात गेलो आणि खोकं वरच्या फळीवर गेलं. यल्लाप्पांच्या नव्या चपलाही तिथेच कागदात होत्या आणि मागच्या दिवाळीचा वासाचा साबणही. दर शनिवारी ते मला खाली घेत, मऊ फडक्याने एकेक पातं पुसत, वायरची वेटोळी सारखी करत आणि परत ठेवून देत. रंगुबाई घामाने चिंब होऊन ते बघत पडलेली असायची.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या. एका दुपारी तिची कूस बदलताना जाईबाई थबकली, आणि तशीच जाऊन तिने मला फळीवरून उतरवलं.

"आबांना कळलं तर?" आम्रपाली म्हणाली.

"कळू दे. पाठ बघ आजीची, कशी सोलवटलीया."

तिने बटण दाबलं. मित्रांनो, घर कसं असतं ते मला त्या दुपारी कळलं. रंगुबाईच्या कपाळावरचे पांढरे केस उडाले. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "आगं, ह्यो तर गार हाय की."

आम्रपालीने माझ्या जाळीपाशी तोंड नेऊन लांब 'आ' केला. आवाजाचे तुकडे होऊन बाहेर पडले. ते ऐकून म्हातारी म्हणाली, "मला बी करू दे." दोघींनी तिला धरून बसवलं. तिने बोळक्या तोंडाने 'आ' केला आणि स्वतःचाच आवाज ऐकून इतकी हसली, की तिला ठसका लागला. जाईबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात काही काम नव्हतं. तिला अशी बसलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. त्या दुपारी पुढच्या दिवसाचं नाव कुणी काढलं नाही.

मग रोज दुपारी मी फिरायचो. शुक्रवारी रात्री जाईबाई मला पुसून खोक्यात घालायची.

महिनाभर हे निभलं. एका शनिवारी मला पुसताना यल्लाप्पांचं फडकं थांबलं. पात्यांच्या मागे, मधल्या दांड्याला एक लांब पांढरा केस गुंडाळला गेला होता. त्यांनी तो सावकाश सोडवला आणि उजेडात धरला.

"कुणाचा ह्यो?"

"माजा," रंगुबाई म्हणाली. "मीच म्हनलं लाव म्हणून. तिला बोलू नगंस."

ते कुणालाच बोलले नाहीत. त्यांनी माझी जाळी उघडली, मधली चकती फिरवून पाती काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत ठेवली. मग मला, तसंच भुंडं, खाटेशेजारी मांडलं.

"आता लावा," ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळच्या गाडीने माझी पाती साताऱ्याला गेली.

मग मे महिना आला. जाईबाई सुपाने वारा घालायची. घालून घालून तिचा हात खाली यायचा, मग आम्रपाली सूप घ्यायची. रंगुबाईने पाणी पिणंही सोडलं. शेवटच्या दुपारी आम्रपालीला राहवलं नाही. तिने माझी वायर प्लगात घातली आणि बटण दाबलं. मी फिरलो. सगळा जीव लावून फिरलो. नुसता दांडा गरगरत होता. पोरीने समोर हात धरून पाहिला. वाऱ्याची एक झुळूक आली नाही. ती बंद करायला वाकली, तशी रंगुबाई डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे चालू. आवाज तरी येतोय."

त्या आवाजात तिने प्राण सोडला. मी गुणगुणतच होतो. बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"आईचं जास्त हाय," असा फोन सकाळीच कारखान्यात गेला होता. यल्लाप्पा आले ते दिवस मावळताना. तोवर अंगणात माणसं जमली होती. सगळं उरकल्यावर त्यांचा टॉवेल काढायला जाईबाईने पिशवी उघडली, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी पाती.

"आनली व्हती व्हय?" तिने विचारलं.

"व्हय."

"सकाळच्या गाडीनं आला असता तर..."

"पाळी संपायची व्हती," यल्लाप्पा म्हणाले. "खाडा झाला असता."

जाईबाईने पाती त्यांच्या हातात दिली आणि ती चुलीकडे निघून गेली. त्यानंतर माझ्याबद्दल ती त्यांच्याशी कधीही बोलली नाही. यल्लाप्पांनी पाती बसवली, मला पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं.

१९९८ मध्ये आम्रपालीचं लग्न कुंडलच्या बुद्धभूषणशी झालं. मंडपात मला टेबलावर मांडलं होतं, मानेला लाल फीत बांधून. पंचशील झालं, फुलं पडली, आणि यल्लाप्पा येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यापाशी आणून सांगत राहिले, "नवा कोरा हाय. एक दिस लावला न्हाई." एवढी वर्षं ते ज्या दिवसाची वाट पाहत होते, तो हाच.

सासरी मला ओट्यावर ठेवलं. शेजारणी जमल्या. सासूने बटण दाबलं. मी हूं करून गुरगुरलो. पाती हलली नाहीत. इतकी वर्षं बसून माझ्या आतलं वंगण दगडासारखं झालं होतं.

"बंद पडल्याला पंखा दिला व्हय तुज्या बानं?" सासू म्हणाली. बायका हसल्या. आम्रपाली जमिनीकडे बघत राहिली. पुढे भाजीत मीठ कमी पडलं तरी माझा उल्लेख व्हायचा. मी खाटेखाली, कांद्यांच्या शेजारी पडून ते ऐकायचो.

मग पिंकी झाली. तिच्या अंगावर घामोळं उठलं, तशी आम्रपालीने मला कडेवर घेतलं आणि पलूसला नानासो मेकॅनिककडे नेलं. त्यांनी मला उघडलं, रॉकेलने धुतलं, तेल सोडलं.

"ह्याला काय बी झालेलं न्हाई, ताई," ते म्हणाले. "नुसता बसून बसून बसलाय."

तेव्हापासून मी या खिडकीपाशी आहे. लाईट असेल तेवढा वेळ फिरतो. सासूबाईसुद्धा आता सगळ्यांच्या पुढे येऊन बसतात.

मागच्या आठवड्यात यल्लाप्पा लेकीकडे आले होते. आता नोकरी संपली आहे. दुपारी पिंकी माझ्यासमोर झोपली होती. आम्रपाली पाणी आणायला आत गेली. यल्लाप्पांनी माझ्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप पुढे आला. त्यांनी बटण बंद केलं.

पिंकी घामेजून उठली आणि रडू लागली. आम्रपाली तांब्या घेऊन दारात उभी होती.

"झोपल्या पोरीला काय कळतोय वारा," ते पुटपुटले. "मोटारीला जरा इसावा."

"आजीला बी कळत न्हवता व्हय, आबा?"

आम्रपालीने तांब्या खाली ठेवला, मला सुरू केलं आणि माझ्यासमोरची चटई सरळ केली. "बसा हितं. घाम सुकवा जरा."

यल्लाप्पा उठले, पिशवी घेतली आणि बाहेर उन्हात दगडावर जाऊन बसले. चारच्या गाडीपर्यंत तिथेच होते. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. सदरा भिजून अंगाला चिकटला होता. मी मान वळवून वळवून जोर केला, पण तिथवर माझा वारा पोचत नव्हता.

मित्रांनो, आम्हाला जपा. धूळ पुसा, वेळेवर तेल द्या, पोरांना जाळीत बोटं घालू देऊ नका. पण आमच्यासमोर बसाही. माझ्यात कालचा वारा शिल्लक नाही आणि उद्याचा भरून ठेवलेला नाही. बटण दाबल्यावर समोर जो असेल, त्याला मिळतो, तेवढाच.

लाईट गेली होती, म्हणून एवढं बोलायला उसंत मिळाली. ती आली बघा. पिंकी रांगत रांगत माझ्याकडेच येते आहे. आता मला बोलायला वेळ नाही.