किडकं पान

थोरलीने चित्रांच्या वर्गात नाव घातलं तेव्हा सोबत म्हणून धाकट्या जावेलाही ओढून नेलं, ही तिच्या आयुष्यातली दुसरी मोठी चूक. पहिली कोणती, हे तिच्या नवऱ्यासमोर विचारण्यात अर्थ नाही.

वर्ग रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. विषय एकच: रंगीत पेन्सिलींनी झाडाची पानं काढणे. सरांनी उभा जन्म वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात घालवला होता, त्यामुळे पानांशी ते आदराने वागत आणि माणसांशी जेमतेम. त्यांची पद्धत ठरलेली. आधी बोथट सुईने पानाच्या शिरा कागदात दाबायच्या. तेव्हा काहीच दिसत नाही. मग वरून पिवळा, त्यावर निळा, त्यावर किंचित लाल, असे हलक्या हाताने थर द्यायचे. दाबलेल्या जागी रंग पोचत नाही आणि शिरा आपसूक उमटतात. काळी पेन्सिल सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून काढून घेतली. थोरलीने पुढच्या रविवारी घरून दुसरी आणली.

त्याला कारण होतं. थोरली शाळेत भूगोल शिकवायची. आयुष्यभर नकाशे रंगवल्यामुळे कुठल्याही आकाराला ठसठशीत सीमा घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सरांनी तिचं चित्र हातात घेऊन बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "याची राजधानी कुठे?"

वर्ग हसला. थोरलीही हसली, पण नुसतीच दातांनी.

धाकटी विम्याच्या कचेरीत कामाला. चित्रकलेशी तिचा संबंध म्हणजे फोनवर बोलताना कागदावर गोल काढणे. पेन्सिलीला टोक करायचाही तिला कंटाळा. आणि हिच्या कागदावर पान असं उतरायचं की वर्गात शिकायला येणारे दातांचे डॉक्टर आपली जागा सोडून बघायला येत. "मला काही येत नाही हो," ती म्हणायची, आणि ते मनापासून म्हणायची, हेच थोरलीला सहन होत नसे. खोटा विनय असता तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

सत्र संपताना एक चित्र काचेच्या चौकटीत घालून वाचनालयाच्या दाराशी लागणार होतं. थोरलीची अख्खी शाळा त्या वाचनालयात येई. शिक्षकांच्या खोलीत तिने सहज म्हणून सांगूनही टाकलं होतं, "लागेल बहुतेक आपलं." आता मागे फिरायला वाट नव्हती.

शेवटच्या वर्गासाठी प्रत्येकाने आपलं पान आदल्या संध्याकाळी तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. दोघींचं स्वयंपाकघर एकच, फ्रिज एकच. धाकटीने आवारातल्या झाडाचं एक तुकतुकीत, बदामाच्या आकाराचं पान आणलं. थोरलीने डबा उघडून पाहिलं आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. हे पान या बाईच्या हाती लागलं तर चौकट गेलीच.

रविवारी सकाळी ती लवकर आवारात उतरली. वाईट पान शोधणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. एक नुसतंच वाळलेलं. त्यात काय मजा? एकाला एकच भोक. ते तर शोभून दिसत होतं. फांदी न् फांदी वाकवत, पान न् पान उलटंपालटं करत ती झाडाभोवती फिरली.

नवरा गॅलरीतून ओरडला, "अगं, काय हरवलंय?"

"तुम्ही चहा प्या!"

अखेर मिळालं. एक कड अळीने कुरतडलेली, मधे भोकांची जाळी, देठाशी पिवळा डाग आणि टोकाला तांबूस करपलेलं. पान बदलून तिने डबा होता तसा ठेवला.

वर्गात धाकटीने डबा उघडला आणि किंचाळली, "अगंबाई! फ्रिजमध्ये कीड लागली?"

"समोर आहे ते काढा," सर म्हणाले.

तिने काढलं. तासाभराने तिच्यामागे गर्दी जमली. जाळीतून उजेड आल्यासारखा वाटत होता. पिवळा डाग हिरव्यात कुठे विरघळतो ते सांगता येत नव्हतं. सर चष्मा पुसून पुन्हा वाकले. "चौकटीत हेच लागेल," ते म्हणाले. "असं पान निवडणं म्हणजे अर्धं चित्र काढणंच."

"मी नाही हो निवडलं," धाकटी म्हणाली. "मी चांगलं ठेवलं होतं. कसं बदललं कोण जाणे."

"मग तुमचं नशीब थोर."

"नशीब कसलं?" थोरली उसळली. "सकाळपासून अख्खं झाड पालथं घातलंय मी त्यासाठी!"

डॉक्टरांची पेन्सिल खाली पडली. ती उचलायलाही कोणी वाकलं नाही.

परतीच्या वाटेवर धाकटी चार पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "ताई, मला नुसतं म्हणाल्या असतात तर मी आलेच नसते."

"म्हणूनच नाही म्हटलं. तू आली नसतीस आणि माझं लागलं असतं, तर ते चांगलं म्हणून लागलं हे कोणाला पटलं असतं?"

"तुमचं का लागत नाही सांगू? तुमचा डोळा सारखा माझ्या कागदावर. पानाकडे बघता कधी?"

"बघितलं की आज. डावीकडे पाच भोकं, त्यातली दोन एकमेकांत मिसळलेली. कड आधी बाहेरून खाल्लीय, मग आतून. आणि मागच्या बाजूला लव आहे, ती तू काढलीच नाहीस."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग पिशवीतून डबा काढून तिने थोरलीच्या हातात कोंबला. "घ्या. काढा आता तुम्ही. रागावलेय मी तुमच्यावर, ते वेगळं."

जेवणं झाल्यावर थोरली टेबलाशी बसली. काळी पेन्सिल बाजूला ठेवून तिने सुईने पहिली शीर दाबली. दुसरी दाबली. तिसरीला जरा बरं वळण आलं, तेव्हा मान वर करून हळूच पाहिलं, धाकटी बघतेय की नाही.

ती फोनवर बोलत होती आणि कागदावर गोल काढत होती. गोल चांगले येत होते.