खिव्याची उष्टी रोटी

मित्रांनो, मी एक जुनी रोटी आहे. हसू नका. तुमच्या आज्ज्या जन्मायच्या आधी मी तंदुरातून बाहेर आले. आता माझा एवढासा तुकडा उरला आहे. अबुधाबीतल्या एका फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर, दारासमोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला मी टांगलेली असते. बाकीची मी कुठं गेले, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म खिव्याचा. लांब उत्तरेकडचं, मातीच्या उंच तटाच्या आत वसलेलं ते फार जुनं शहर. जमालच्या आईने मला थापलं, मधोमध खिळ्यांच्या ठशाने फूल काढलं आणि वर काळे तीळ पेरले. युद्धाचे दिवस होते. जमाल अठरा वर्षांचा, आणि त्याला लढाईवर बोलावणं आलं होतं. आमच्याकडची रीत अशी, की लांब निघालेल्या माणसाने नव्या रोटीचा एक घास तोडायचा. उरलेली रोटी भिंतीवर टांगायची. तो परत आला की त्यानेच ती संपवायची. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. रोटी जिथे असेल, तिथे त्या माणसाची वाट येऊन पोचते असं म्हणतात. म्हणतात कसलं, मी सांगते ना, खरंच आहे ते.

जमालने घास तोडला. त्याचा पुढचा एक दात तिरका होता, त्याची खूण माझ्या कडेला उमटली. बाहेर बर्फ पडत होतं. फरची टोपी कानांवर ओढून तो गल्लीच्या वळणावर गेला आणि दिसेनासा झाला.

तेव्हापासून वाट बघणं हेच माझं काम. त्यात मी एका दिवसाचाही खाडा केला नाही. जमालची आई रोज माझ्यावरची धूळ पुसायची आणि मग दाराकडे बघायची. ती गेली. धाकट्या मुलाच्या बायकोने मला पुसलं. तीही गेली. मग तिची मुलगी मुनिबा पुसू लागली. जमाल तिचा काका, तिने कधी न बघितलेला. पुढे शहरात प्रवासी येऊ लागले आणि मुनिबाने घराच्या पुढच्या खोलीचं छोटं म्युझियम केलं. पाळणा, चरखा, चहाचं पाणी उकळायचा समोवार आणि मी. लोक माझे फोटो काढायचे. माझं कौतुक व्हायचं, पण खरं सांगू, कौतुकाने रोटीचं पोट भरत नाही. रोटी खाण्यासाठी असते.

गेल्या ईदच्या सुट्टीत अबुधाबीहून गुणवंत, त्याची बायको मंजुषा आणि सात वर्षांची ओवी आली. खिव्यात सगळ्या म्युझियमांना मिळून दोन दिवसांचं एकच तिकीट असतं, आणि गुणवंत ते वसूल केल्याशिवाय राहणार नव्हता. सकाळपासून त्यांनी खानाचे, म्हणजे तिथल्या राजाचे, झगे पाहिले, रेशमावर छापलेल्या नोटा पाहिल्या, तुरुंगातले साखळदंड पाहिले. मंजुषा शाकाहारी, आणि घरून आणलेल्या दशम्या आदल्याच दिवशी संपलेल्या. माझ्याकडे येईपर्यंत ओवीच्या पोटात कावळे ओरडत होते.

मोठी माणसं समोवारपाशी उभी होती. ओवीने स्टुलावर चढून मला दोन्ही हातांनी धरलं आणि कचकन चावा घेतला. ऐंशी वर्षांची मी, दगड झालेली! कपचीही निघाली नाही. उलट तिचा हलणारा दुधाचा दात माझ्यातच अडकून बसला.

"ओवी! अगं कार्टे, काय केलंस हे!" मंजुषा शरमेने लाल झाली. ती मुनिबाला हात जोडू लागली. मुनिबा हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकली होती. तिने दात पाहिला. मग तिने मला खिळ्यावरून उतरवलं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा.

"अब इस में दो का रास्ता है," ती म्हणाली. "मेरे जमाल चाचा का, और बच्ची का. इसे घर ले जाओ. दरवाज़े के सामने टाँगना. फेंकना मत, कभी मत."

"नहीं नहीं, ये तो आपके चाचा की निशानी है!"

"जो ज़िंदा है, उसका पहले," मुनिबा म्हणाली. आपल्या फोनचा नंबर तिने मंजुषाच्या पर्समध्ये घातला आणि मला एका रुमालात बांधून दिलं. मला फार वाईट वाटलं, पण रोटीचं कोण ऐकतं?

अशी मी विमानात बसले. "माय टूथ इज इन इट!" असा ओवीने हट्ट धरला म्हणून मला खिळा मिळाला. गुणवंत रुवैसच्या रिफायनरीत कामाला; आठवडाभर तिकडे, सुट्टीला घरी. घरात मायलेकी दोघीच.

जून उजाडला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. एका दुपारी दाराची बेल वाजली. मंजुषाने उघडलं तर कुणी नाही. फक्त पायपुसण्यावर पाणी, बर्फासारखं गार. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पाण्यात चिखलही होता.

मी ओळखलं होतं. तो चिखल आमच्या गल्लीतला होता.

खालचा वॉचमन जहूर म्हणाला, "मॅडम, आपका मेहमान रोज़ आता है. इस गर्मी में फर की टोपी! बोलता कुछ नहीं. लिफ्ट में नौ दबाता है."

"हमारे यहाँ? कोई नहीं आता, भैया," मंजुषा म्हणाली खरी, पण तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिने गुणवंतला फोन लावला. "अगं, एसीचं पाणी असेल. मेंटेनन्सला कंप्लेंट टाक."

"टाकली. एसी ओके आहे म्हणतात. आणि अरे, एसीच्या पाण्यात चिखल असतो का?"

"मग आधी ती रोटी टाक बघू. दुसऱ्याच्या घरचं ऐंशी वर्षांचं उष्टं कुणी ठेवतं का घरात!"

उष्टं. हा शब्द मी त्या घरात रोज ऐकत होते. ताटात उरलेलं उष्टं, पेल्यातलं उष्टं; ते ताबडतोब काढायचं आणि ओटा पुसायचा. आमच्याकडे उष्टं जपतात आणि यांच्याकडे टाकतात. मित्रांनो, दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबरच आहेत. पण मी दोन्हींच्या मधे सापडले ना!

दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा मंजुषाने दाराच्या भिंगातून पाहिलं. तो उभा होता. खांद्यांवरचं बर्फ वितळत नव्हतं. आणि तो दाराशेजारच्या ओवीच्या छोट्या सायकलकडे टक लावून बघत होता.

"ह्याचं माझ्या पोरीकडे काय काम?" मंजुषा पुटपुटली. तिने वाट पाहिली. तो गेल्यावर तिने मला खिळ्यावरून ओढलं, कॉरिडॉरमधल्या कचऱ्याच्या झडपेत टाकलं आणि झडप धाडकन लावली. नऊ मजले मी आपटत खाली गेले.

बिर्याणीच्या हाडांत आणि डायपरांत मी पडले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला दोघांची चाहूल लागेना. जमालचीही नाही, ओवीचीही नाही.

पुढचं मला जहूरच्या बोलण्यातून कळलं. ओवी शाळेच्या बसमधून उतरली. जहूरने नेहमीसारखं तिला लिफ्टमध्ये बसवलं, नऊ दाबलं आणि इंटरकॉमवर सांगितलं, "बेबी ऊपर आ रही है." मंजुषा वर लिफ्टसमोर उभी. लिफ्ट आली. दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

सगळे मजले झाले, जिने झाले, गच्ची झाली. कॅमेऱ्यात पाहिलं तर ओवी आत जाते, दार मिटतं, मधे कुठेही उघडत नाही, आणि नवव्या मजल्यावर लिफ्ट रिकामी. जहूरचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हा मंजुषाला मुनिबाचे शब्द आठवले. दो का रास्ता. फेंकना मत.

"कचऱ्याची खोली उघडा! भैया, जल्दी!"

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पिशव्या फाडू लागली. शेजारच्या खरकट्यालाही न शिवणारी बाई ती, पण आज कोपरापर्यंत बरबटली होती. मी सापडले. तिने मला पदराने, म्हणजे ओढणीने हो, पुसलं आणि छातीशी धरून ती लिफ्टपाशी धावली.

"ओवी, ये गं बाळा. रोटी इथे आहे."

लिफ्ट जागची हलेना. मंजुषाने माझ्याकडे पाहिलं. एका कडेला ओवीचा दात आणि दुसऱ्या कडेला ती तिरक्या दाताची खूण. ती खूण तिने पहिल्यांदा नीट पाहिली आणि तिला रडू फुटलं.

"जमाल, तूही ये रे बाबा. तुझीही आई अशीच उभी असेल. मी दार लावलं, चुकलं माझं. ये."

लिफ्टवरचा आकडा विझला. आतून गार वारा आला. दार उघडलं.

ओवी उभी होती, दप्तर पाठीला, केसांत बर्फाचे कण. तिचा हात एका पोराच्या हातात होता. पोरच म्हणायचं त्याला, नीट मिसरूडही फुटलं नव्हतं.

"मम्मा, देअर वॉज नो नाइन्थ फ्लोअर," ओवी म्हणाली. "ओन्ली अ बिग मड वॉल. नो डोअर एनीव्हेअर. हा अंकल पण लॉस्ट होता. मग तू हाक मारलीस."

मंजुषाने लेकीला कवटाळलं. मग तिने डोळे पुसले आणि जमालला म्हणाली, "चल वर. जेवून जायचं."

वर आल्यावर तो दारातच फरशीवर बसला. मंजुषाने वाडगाभर दूध उकळून आणलं आणि मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला तोडलं, दुधात कुस्करलं आणि सावकाश खाल्लं. मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्याच्यासाठी मला भाजलं, त्याच्याच पोटात मी गेले. एवढं भाग्य किती रोट्यांना मिळतं?

ओवीचा दात असलेला तुकडा मात्र त्याने खाल्ला नाही. उठून त्याने तो खिळ्याला टांगला. नीट बसलाय ना, ते बोटाने हलवून पाहिलं. मग फरशीवर वाडगा होता, थोडं पाणी होतं आणि तो नव्हता.

मंजुषाने पर्समधला नंबर शोधून फोन लावला. "मुनिबाजी, वो आए थे. आपके चाचा."

पलीकडून म्हाताऱ्या आवाजाने एवढंच विचारलं, "खाना खाया उसने?"

"पेट भरके," मंजुषा म्हणाली, आणि दोघी रडल्या.

आता मंजुषा रोज सकाळी माझा खिळा तपासते. ओवीचा नवा दात आलाय. गुणवंत हसतो, पण मला हात लावायची त्याची छाती होत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाच्या घरी भिंतीवर असं काही जुनं, खुळं, निरुपयोगी टांगलेलं दिसलं, तर ते कुणासाठी आहे हे आधी विचारा. त्याच्यावर धूळ बसली तर बसू द्या, पण ते खाली काढू नका. आत्ता घड्याळात अडीच वाजलेत, आणि ओवी अजून शाळेतून यायची आहे.