तीन रंगांची वायर

केबलच्या ऑफिसात त्याला सगळे दहामिनिट म्हणत. कुठल्याही घराचं दार उघडलं रे उघडलं की याच्या तोंडून वाक्य बाहेर, "दहा मिनिटांत होतं." आणि व्हायचं हो, खोटं कशाला बोला. बाकीचे मेकॅनिक एकेका घरात तासभर घालवत, चहा पीत, कुणाच्या जावयाची नोकरी गेली आणि कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन फसलं ते ऐकत बसत. हा लोकांच्या घरात शिरायचा तो फक्त टीव्हीच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला काय चाललंय त्याच्याशी याला देणंघेणं नव्हतं.

या दहा मिनिटांचं गुपित अगदी साधं होतं. ग्राहकाचा जुना बॉक्स बंद करून नवा चालू करायचा हुकूम ऑफिसातून सुटतो, आणि केबलमधून बॉक्सपर्यंत पोचायला त्याला अर्धा तास लागतो. बाकीचे लोक नवा बॉक्स लावून झाल्यावर ऑफिसला फोन करत आणि अर्धा तास काळ्या पडद्याकडे बघत बसत. दहामिनिट आधीच्या घराचा जिना उतरतानाच पुढच्या घराच्या जुन्या-नव्या बॉक्सचे नंबर ऑफिसला सांगून मोकळा. तो पोचेपर्यंत हुकूमही पोचत आलेला असायचा. ही युक्ती त्याने कुणाला शिकवली नव्हती. आपली अक्कल आपल्यापाशी.

त्या दिवशीही सव्वाअकराला फोन करून तो साडेअकराला दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारापाशी पोचला. बटण दाबलं तर बेल वाजली नाही, आत एक पिवळा दिवा लुकलुकला. दार एका रिटायर्ड काकांनी उघडलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलायला कुणीतरी मिळालं याचा आनंद चेहऱ्यावर लपत नव्हता. पुढची खोली शिवणकामाची होती. खिडकीपाशी मशीन, खुंटीवर बाह्या न लावलेले दोन कोट, फरशीवर दोऱ्यांचे तुकडे, आणि मशीनवर बसल्या जागेवरून नीट दिसेल अशा भिंतीवर टीव्ही. मशीनवर काकू बसल्या होत्या.

"दहा मिनिटांत होतं," दहामिनिट म्हणाला.

काकूंनी त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि नवऱ्याकडे वळून हातांनी काहीतरी म्हणाल्या. काका हसले. "तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पण ओठ वाचते पक्की. म्हणते, चार वर्षांपूर्वी जुना बॉक्स लावायला आला तेव्हाही हा हेच म्हणाला होता."

दहामिनिटला काही आठवत नव्हतं. वर्षाकाठी हजारभर घरं, कोणाकोणाचा चेहरा लक्षात ठेवणार! तो कामाला लागला. नव्या बॉक्सची वायर टीव्हीच्या पाठीत खुपसावी लागते, त्यामुळे चार स्क्रू काढून टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि कापडाच्या ठाणांवर टेकवला. तोवर काका बोलतच होते.

"नव्या बॉक्समध्ये चित्र चांगलं दिसतं म्हणतात. म्हणून तर मी अर्ज केला. हिचा आधी विरोध होता. म्हटलं अगं, जुन्यातलं रेकॉर्डिंग काढून नव्यात घालतील, त्यात काय एवढं. घालाल ना?"

"त्यातलं यात येत नाही, काका." हे उत्तर तो दिवसातून चारदा द्यायचा. "जुना बॉक्स परत जातो. नव्यात नवीन भरायचं."

काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काकूंनी मात्र दोघांचे ओठ वाचले होते. त्या ताडकन उठल्या आणि जुन्या बॉक्सच्या पुढ्यात अशा उभ्या राहिल्या, की हात लावून दाखव म्हणावं.

"अहो, असं कसं? दोनशे बारा आहेत त्यात!" काका म्हणाले.

"दोनशे बारा काय?"

"बातम्या."

दहामिनिटला हसू आलं. शिळ्या बातम्या जपून ठेवणारं घर त्याने आजवर पाहिलं नव्हतं. मालिका समजू शकतो, मॅच समजू शकतो. पण काका हसत नव्हते. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. घड्याळ बघत ऐकणं भाग होतं.

दुपारी बाराच्या बातम्यांत खालच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, त्यात कुणीतरी हातांनी बातम्या सांगतं. चार वर्षं त्या चौकोनात त्यांची एकुलती एक मुलगी उभी राहायची. बोलायला लागली तेव्हापासून ती आईचं तोंड झाली होती. दुकानदार, डॉक्टर, गिऱ्हाइकं, सगळ्यांशी आईच्या वतीनं हीच बोलायची. तेविसाव्या वर्षी एकदा भांडण पेटलं. मुलगी म्हणाली, मी काय जन्मभर तुझं तोंडच होऊन राहू? आई म्हणाली, मग तुझं तोंड मला दाखवू नकोस. मुलगी बॅग उचलून गेली ती गेलीच. आणि दोन महिन्यांनी बघतात तर काय, तेच तोंड रोज बाराला टीव्हीवर!

"त्याच आठवड्यात तुमचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला," काका म्हणाले. "दोघीही हट्टी. चार वर्षांत एकमेकींना एक शब्द नाही."

"मग आता बाराला बघा की तिला नव्या बॉक्सवर. त्यात काय?"

काकांनी बायकोकडे पाठ केली आणि आवाज उगाचच खाली आणला. "तिने ते काम सोडलं महिन्यापूर्वी. लहान मुलांच्या शाळेत शिकवते. मला माहीत आहे, मी कोपऱ्यावर जाऊन फोन करतो कधीमधी. हिला वाटतं सुट्टीवर आहे. म्हणजे आता जे काही आहे ते त्या डबड्यात."

"पण नुसतं बघायचंच ना, काका?"

"नुसतं नाही." काका घुटमळले. "बातम्या संपल्या की नमस्कार करते आणि त्यानंतर, चौकोन जायच्या आधी, हात असा तोंडापाशी नेते. रोज. आमच्याकडे घरातल्या माणसांना घरच्या खुणा आहेत, बाहेर त्या कुणाला ठाऊक नाहीत. हिची खूण म्हणजे दातानं दोरा तोडायचा. दिवसभर तेच करते ना. लेकीची खूण बटण, लहानपणी एक गिळलं होतं तिनं. तर ही म्हणते, पोरगी रोज मला हाक मारते. मी म्हणतो, अगं तोंड पुसते. दिव्यांच्या उकाड्यात घाम येतो माणसाला. चित्र इतकं पुसट, की बोटं चिमटीत आहेत का हातात रुमाल आहे, काही कळत नाही. चार वर्षं हाच वाद आहे या घरात."

"फोनवर विचारायचं तिला सरळ."

"आणि नाही म्हणाली तर?" काका एकदम चिडून म्हणाले. "ते घरी येऊन कुठल्या तोंडानं सांगू?"

दहामिनिटने सवयीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तो खुर्चीतून ताडकन उठला. अकरा एकेचाळीस. हुकूम सव्वाअकराला सुटला होता. तो बॉक्समध्ये शिरला की दोनशे बारांतली एकही उघडणार नव्हती, आणि ऑफिसच काय, खुद्द मालक आला तरी परत उघडता येणार नव्हती. उरली होती चार मिनिटं. आपली अक्कल आपल्यापाशी, म्हणे!

"काकू, बाजूला व्हा!" तो ओरडला. ओरडून उपयोग काय होता? त्याने हात जोडले, त्यांच्या काखेतून हात घातला आणि भिंतीतून आलेली केबलची जाड वायर जुन्या बॉक्समधून पिरगाळून उपटली. काकूंनी त्याच्या हातावर अशी चापट मारली की पाची बोटं उमटली.

"अहो, वाचवतोय मी!" तो मनगट चोळत म्हणाला, आणि या खेपेला ओठ नीट हलवत सगळं कबूल केलं. जिन्यातला फोन, हुकूम, सगळं. केबलच तुटली म्हणजे बॉक्सला हुकूम ऐकू येणार नाही. जोवर वीज चालू आहे तोवर आतलं दिसत राहील. वीज गेली की खेळ खल्लास, कारण बॉक्स पुन्हा सुरू होताना केबल मागतोच.

काकूंनी त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग खुर्ची ओढून बॉक्सच्या प्लगपाशी ठेवली आणि नवऱ्याला तिथे राखणीला बसवलं. काका बसले. त्या घरात कोणाचं चालतं हे दहामिनिटला तेव्हा कळलं.

आता टीव्ही पुन्हा जुन्या बॉक्सला जोडायचा होता. तो बॉक्समागे वाकला आणि थबकला. लाल, पांढरी, पिवळी, अशा तीन रंगांच्या वायरींची जुडी होती, आणि जुडीला निळ्या पट्टीची दुहेरी गाठ. अशी गाठ ऑफिसात एकच माणूस मारायचा. त्या गाठीसरशी त्याला चार वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. माणसं नव्हे, भिंत आठवली. चांगली वायर लावायला चार स्क्रू काढून टीव्ही उतरवावा लागला असता. तीन रंगांची वायर टीव्हीच्या कुशीतच बसत होती, हात घातला की झालं. चित्र जरा पुसट येतं, पण लोकांना काय कळतंय! दहा मिनिटं म्हटलं होतं, नऊ मिनिटांत तो जिन्यात होता.

त्याने पिशवीतून नव्या बॉक्सची चांगली वायर काढली, एक टोक जुन्या बॉक्सला, दुसरं उतरवलेल्या टीव्हीच्या पाठीत.

काकूंनी रिमोट घेतला. यादीतलं शेवटचं रेकॉर्डिंग उघडलं आणि सराईत बोटानं पार शेवटाला नेलं. चौकोन तसाच अंगठ्याएवढा होता. पण त्यात आता एक मुलगी उभी होती, तिच्या कॉलरची शिवण दिसत होती, भुवईवरचा तीळ दिसत होता. तिने नमस्कार केला. हात तोंडापाशी गेला. काकूंनी चित्र थांबवलं.

रुमाल नव्हता. अंगठा आणि तर्जनी चिमटीत होती, ओठाच्या कडेला, दात किंचित उघडे. काकूंनी बटण दाबलं आणि चिमटीला झटका बसला. दोरा तुटला.

त्यांनी आदलं उघडलं. दोरा तुटला. त्याच्या आदलं, मग दोन वर्षांपूर्वीचं, मग अगदी पहिलं, त्यात मुलगी घाबरलेली होती, केस नीट बांधलेले नव्हते, पण नमस्कारानंतर चिमूट होतीच. काका प्लगवर हात ठेवून रडत होते. "तोंड पुसते म्हणालो मी," असं स्वतःशीच म्हणत होते. "रोज म्हणालो."

काकू रडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं काळं अस्तर पुढे ओढलं, शिवणाचा खडू उचलला आणि दहामिनिटला दिसेल असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ही वायर तेव्हा नव्हती?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. तेव्हा मिळत नव्हती, कंपनी देत नव्हती, नंतर आली. रोज अशी दहा खोटी तो टीव्हीमागून फेकायचा. पण ही बाई ओठ वाचत होती, आणि ओठांवर खोटं कसं दिसतं ते तिला ठाऊक असणार अशी त्याला भीती वाटली. त्याने खडू घेतला. "होती," असं लिहिलं. मग अर्धवट नको म्हणून पुढे लिहिलं, "पिशवीत होती."

काकूंनी ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. त्याला वाटलं, आता दुसरी चापट, आणि पडली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी तळव्यानं अक्षरं पुसली, नवऱ्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"काय?" काका म्हणाले.

काकूंनी कानाशी मूठ नेऊन फोन दाखवला, मग खिडकीतून खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?" काका थक्क झाले. काकूंनी अशी मान उडवली की चार वर्षांच्या चोरट्या फोनांचा तिथेच निकाल लागला. काकांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग एका वर्गाची भिंत दिसली, आणि भुवईवर तीळ असलेला चेहरा आला. चित्र धुरकट होतं.

काकूंनी फोन हिसकावला आणि थेट दहामिनिटच्या छातीवर आणून टेकवला. हे आधी साफ कर. त्याला खुणांची भाषा येत नव्हती, पण हे त्याला कळलं. त्याने सदऱ्याच्या टोकानं फोनची काच पुसली, मागची पुसली, पुढची पुसली, दोन्ही हातांत फोन धरला आणि काकूंच्या डोळ्यांसमोर स्थिर केला. बोलायला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते, आणि काका प्लग सोडायला तयार नव्हते.

काकूंनी छातीपाशी अंगठा आणि बोटाचं एक लहानसं गोल केलं. बटण.

दहामिनिटला पडदा दिसत नव्हता, फोनची पाठ त्याच्याकडे होती. त्याला फक्त काकूंचे हात आणि चेहरा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो पडद्यामागे उभं राहून पुढच्या बाजूला काय चाललंय ते बघत होता. खिशात त्याचा स्वतःचा फोन वाजत होता, ऑफिसचाच असणार, कुठे मेलास म्हणून. दंड भरून आले. किती वेळ लागेल हे त्याने विचारलं नाही, आणि दहा मिनिटांत होतं असंही म्हणाला नाही. पाऊण तास तो तसाच उभा होता.