आपलंच रक्त

वर्षा मॅडमनी प्रगतीच्या बोटाला सुई टोचली, बारीक नळीत ओढलेलं रक्त निळ्या पाण्याच्या ग्लासात सोडलं आणि त्या बघत राहिल्या. थेंब तळाशी जायला हवा होता. तो जेमतेम थोडा उतरला आणि पुन्हा वर येऊन तरंगायला लागला.

“अजून एकदा,” त्या म्हणाल्या.

दुसरा थेंबही तरंगला.

प्रगतीच्या मागे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा तुषार उभा होता. कासाहून बायकोला, तानीला, ॲम्ब्युलन्समधून डहाणूला आणल्यापासून तो टेकला नव्हता. पायात एक चप्पल स्वतःची, एक भावाची. तानीला मुलगी झाली होती, मुलगी चांगली होती, पण तानीचं रक्त थांबत नव्हतं. रक्तपेढीत बी निगेटिव्हची एकच पिशवी होती आणि ती लावून झाली होती. घरात तानीच्या गटाची एकटी प्रगतीच.

“घ्या ना मॅडम,” तुषार म्हणाला. “ती रोज डोंगर चढून पळते. आमच्या पाड्यात तिच्यासारखी तब्येत कोणाची नाय.”

“हिच्याच अंगात रक्त कमी आहे. हिचं घेता येणार नाही.” मॅडमनी अंगठ्याने प्रगतीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. “एवढ्यात कुठे रक्त दिलं होतंस?”

प्रगतीने मान हलवली. नाही. बोटावरचा कापूस ती उगाच दाबत राहिली.

मॅडम रक्तपेढीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फोन उचलून एकामागून एक नंबर लावायला लागल्या. “बी निगेटिव्ह... हो, आत्ता... डिलिव्हरीची केस आहे.” पलीकडून काय उत्तर येतंय ते त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

“तुषार, तू जरा वर जा. तानीजवळ थांब,” प्रगती म्हणाली.

तो गेल्यावर ती मॅडमच्या टेबलाशी आली.

“मॅडम, माझं रक्त आहे. पिशवीत. गाडी मिळाली तर दोनेक तासांत आणता येईल.”

मॅडमनी फोन खाली ठेवला.

मग प्रगतीने सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी अच्छाडचा नाका ओलांडून, गुजरातच्या हद्दीतल्या एका लॅबच्या वरच्या खोलीत तिचं रक्त काढलं होतं. शर्यतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे उद्या, तेच तिला परत चढवायचं होतं. अंगात तोपर्यंत नवीन रक्त तयार झालेलं असतं, त्यात हे जुनं मिळालं की दम लवकर लागत नाही, असं उमेश सरांनी समजावलं होतं. उमेश सर तिचे प्रशिक्षक. आश्रमशाळेच्या मैदानावर ती अनवाणी पळायची तेव्हा त्यांनीच तिला हेरलं होतं, पहिले बूट त्यांनीच आणून दिले होते. रविवारच्या मॅरेथॉनमध्ये पहिल्या तिघींत आली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा होती. “आपलंच रक्त आपल्याला,” सर म्हणाले होते, “यात कोणाचं काय घेतलं?”

“वजन किती तुझं?” मॅडमनी विचारलं.

“चव्वेचाळीस.”

“एवढ्या वजनाला आम्ही रक्तच घेत नाही. कुठे ठेवलीय ती पिशवी?”

“फ्रिजमध्ये.”

“कसल्या?”

प्रगतीला तो फ्रिज आठवला. दार उघडलं तेव्हा आत थंड पेयाच्या बाटल्या होत्या, इंजेक्शनचे खोके होते आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा. तिने ते तसंच सांगितलं.

मॅडमचा आवाज चढला नाही. “ती पिशवी मी तुझ्या बहिणीला लावणार नाही. तपासलेली नाही, वीज किती वेळा गेली कोणाला ठाऊक. त्यात जंतू झाले असतील तर माणूस हातचा जातो. आणि तुलाही ती कोणी लावू नये. समजा, चांगली निघाली. मग रक्त घट्ट होतं. तू उन्हात पळणार, घाम गाळणार, ते अजून घट्ट होणार. एक गुठळी झाली आणि मेंदूत जाऊन बसली, तर तुला इथे उचलून आणतील. तेव्हा मी काय तपासू?”

प्रगती उभीच राहिली. वरच्या मजल्यावर स्ट्रेचरची चाकं कुरकुरली तसा तिचा हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेला.

“तिला मीच द्यायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. “लागेल तेव्हा माझं आहे, असं मी तिला सातव्या महिन्यापासून सांगत होते.”

मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली. तेवढ्यात फोन वाजला. बी निगेटिव्हचा एक दाता मिळाला होता.

जवळच्या आगर गावचा नविन वेळ न घालवता आला. मासेमारीच्या बोटीवरचा माणूस, जाळं दुरुस्त करता करता उठून मोटरसायकलवर बसलेला. हाताला माशांचा वास, शर्टाला खवले. पडल्या पडल्या त्याने मूठ उघडझाप करायला सुरुवात केली.

“बाई कुठली?” त्याने विचारलं.

“कासाच्या पुढची. माझी बहीण,” प्रगती म्हणाली.

“पोरगा का पोरगी?”

“पोरगी.”

“बरं झालं. पोरगी आईला सांभाळते,” तो म्हणाला आणि पिशवी भरेपर्यंत छताकडे बघत पडून राहिला. उठल्यावर बिस्किटं खाल्ली, चहा घेतला आणि समुद्राला भरती यायच्या आत जायला हवं म्हणून निघालाही. त्याचं नाव प्रगतीने नंतर मॅडमकडून ऐकलं.

रक्ताच्या तपासण्या होऊन पिशवी वर जायला वेळ लागला. ती लावल्यावर संध्याकाळपर्यंत रक्तस्राव थांबला. तुषार जिना उतरून आला आणि काही बोलायच्या आधी भिंतीला टेकून खाली बसला.

“पाणी मागितलं तिने,” तो म्हणाला. “ओठ लाल दिसतात आता. ताई, पाणी मागितलं.”

प्रगतीही त्याच्याशेजारी फरशीवर बसली.

जायच्या आधी मॅडमनी तिला लॅबची जागा विचारली. “मला हे वर कळवावं लागेल. तुझ्यासारख्या अजून असतील.” प्रगतीने सांगितलं. तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि तीन महिने शर्यत नाही, अशी ताकीद.

सकाळी उमेश सरांचा फोन आला. “अकराला पोच. उपाशी येऊ नको.”

“सर, मी येत नाही.”

“घाबरलीस?”

“हो. आणि मी डॉक्टरांना सांगितलं सगळं.”

मग ते एकदम भडकले. तुला बूट कोणी दिले, कोणी उभं केलं, कोणाच्या जिवावर इथवर आलीस, आता नोकरीला मुकलीस. प्रगतीने सगळं ऐकून घेतलं. बुटांची गोष्ट खरीच होती.

“सर, दुसऱ्या कोणाला लावू नका,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण दुसरं कोण, ते तिला माहीत होतं. शितल. गेल्या वर्षभरात प्रगती जिच्या मागे राहिली ती शितल. रक्त काढायला प्रगती आधी नाहीच म्हणाली होती. तेव्हा सरांनी हसून विचारलं होतं, “शितल काय नुसती नागलीची भाकर खाऊन तुला मागे टाकते? तीही तिथेच येते.” त्या एका वाक्यावर प्रगतीने हात पुढे केला होता. म्हणजे शितलची पिशवीही त्याच फ्रिजमध्ये, त्याच डब्याशेजारी असणार, आणि आज तिलाही बोलावलेलं असणार.

चारोटीहून तिने तलासरीकडची जीप पकडली. अच्छाडला ट्रकांची रांग लागली होती. शितलच्या बापाचं पंक्चरचं दुकान हायवेलाच होतं. मागच्या बाजूला नळाखाली शितल बूट घासत बसली होती. प्रगतीला बघून ती गडबडीने उठली. शर्यतीबाहेर दोघी कधी बोलल्याच नव्हत्या.

“तू पिशवी लावलीस?” प्रगतीने धापा टाकतच विचारलं.

“कसली पिशवी?”

“रक्ताची. उमेश सरांच्या लॅबमधली.”

“कोणाला लागलं? अपघात झाला?” शितल ओले हात तसेच धरून तिच्याकडे बघायला लागली.

“तुझं रक्त काढलं ना त्यांनी? शर्यतीआधी परत चढवायला?”

“चढवायला?” शितल दोन पावलं मागे सरली. “मला सुई बघूनच चक्कर येते. शाळेत लस द्यायला यायचे, तेव्हा मी कुंपणावरून उडी मारून पळायची. अजून पळतेच आहे, असं बाबा म्हणतात.”

प्रगती तिच्याकडे बघत राहिली. काळीसावळी, तिच्याहून बोटभर बुटकी, गुडघ्यावर साबणाचा फेस.

“आणि पालघरला? मला चढावावर गाठलंस ते कसं?”

“तू पहिल्या चढालाच सगळा दम काढतेस,” शितल जरा ओशाळून म्हणाली. “मी मागून बघते ना. मला कळतं, ही आता हळू होणार.”

“म्हणजे तू काही न चढवता, नुसतीच माझ्यापुढे होतीस,” प्रगती म्हणाली.

“म्हणजे?”

प्रगतीला हसू आलं. आधी थोडंसं, मग आवरेना. जमिनीवर पडलेल्या जुन्या टायरवर ती बसली, पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं ते तिने बाहीला पुसलं. शितल आधी गोंधळली, मग तिलाही हसू फुटलं, कशाचं ते न कळताच.

“रविवारी येणार ना?” तिने विचारलं.

“नाही. यंदा नाही.”

शितलचा चेहरा उतरला. तो खरोखर उतरला, हे प्रगतीने पाहिलं.

“जेवलीस का?” शितलने विचारलं. “भात आहे. कालची मासळी आहे थोडी.”

“दे,” प्रगती म्हणाली. “भात जास्त दे.”