लाल कॅनमधलं तेल

माझा आणि नवऱ्याचा अबोला चालू होता, पण त्यामुळे घरातलं काही अडलं नव्हतं. डबे भरले जात होते, कपडे वाळत होते, आणि शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखं भिंगरीच्या गाडीसाठीच्या पेट्रोलच्या लाल कॅनमध्ये तेलही घातलं. फक्त घातलं असं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर बोलावं लागलं असतं, आणि आधी त्याने बोलावं असं माझं ठाम मत होतं.

भिंगरी ही आमची मुलगी. शाळेच्या पटावर तिला वेगळं नाव आहे, पण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नसल्यामुळे घरात ते कुणी वापरत नाही. तिची मोटरसायकल मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यती करायची आहे, तिच्या वयाच्या मुलांसाठीच बनवलेली. दिवा नाही, आरसा नाही, हॉर्न नाही. इतकी हलकी की आडवी झाली तर भिंगरी स्वतःच उचलून उभी करते. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे त्याला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. तेल मोजून पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. ते घातलंच नाही तर इंजिन तापून जाम होतं, आणि भर वेगात जाम झालं तर मागचं चाक अडकतं आणि पोरगी फेकली जाते. जास्त पडलं तर जिवाला धोका नाही, पण गाडी धूर ओकते, प्लग काळा पडतो आणि इंजिन ऐन वेळी मान टाकतं.

माझं औषधांचं दुकान आहे, मोजणं अंगात मुरलेलं आहे, म्हणून हे काम पहिल्यापासून माझं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या हाताला गुण आहे, पण माप म्हटलं की 'अंदाजे' हा त्याचा लाडका शब्द.

मागच्या मोसमात मोठ्या उडीवर भिंगरी पडली आणि तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. मी दवाखान्यात पोचले तर ही खाटेवर हसत होती, कारण गाडीला ओरखडाही आला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता हे सगळं बंद, मी म्हटलं. हाड जुळलं, आणि बापलेकीने मला न विचारता निवड शर्यतीत नाव देऊन टाकलं. एकाच दिवशी दोन शर्यती, दोन्हींचे गुण धरून पहिल्या तिघांना मोठ्या प्रशिक्षण शिबिरात जागा. भिंगरीला ते शिबिर हवं होतं. मला भिंगरी अख्खी हवी होती. तेव्हापासून नवऱ्याशी बोलणं बंद, आणि भिंगरीशी कामापुरतं. जेव, झोप, दप्तर उचल, एवढंच.

रविवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या आधी घरातून निघाले आणि दुकान उघडलं. एका आजोबांना खोकल्याचं औषध देत होते तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचं नाव बघून मी बाटली तशीच काउंटरवर ठेवली.

"पडली?" मी विचारलं. इतक्या दिवसांचा अबोला एका शब्दात सुटला.

"नाही गं, ठीक आहे ती. तू... कॅनमध्ये काही घातलं होतंस का?"

"काही म्हणजे? तेल घातलं. दरवेळी घालते तेच."



"मीही घातलं," तो म्हणाला. "अंदाजे. जरा सढळ हातानेच."

झालं ते असं. सुरुवातीच्या रेषेवरचं आडवं गेट खाली पडलं, सगळे सुटले आणि भिंगरीची गाडी दोन आचके देऊन तिथेच बंद पडली. प्लग बदलून ती निघेपर्यंत पुढचे अख्खी फेरी मारून तिला मागून गाठायला आले होते. पहिल्या शर्यतीत ती शेवटची आली.

"टाकी रिकामी कर, नवा प्लग लाव. मी येते," मी म्हटलं.

"तू येतेस?"

"मग पेट्रोल काय लिफ्टने येणार आहे?"

दुकान मदतनीस बाईंवर सोडलं, मापाचा कप पर्समध्ये टाकला आणि पंपावरून पेट्रोल घेऊन स्कूटर दामटली. वाटेत जसजसं उमगत गेलं तसतसा राग चढत गेला. त्याने तेल का घातलं? तर मी घातलं नसेल असं त्याला वाटलं म्हणून. लाल कॅनमध्ये बाहेरून काही दिसत नाही, हे खरं. पण म्हणजे मी रुसले म्हणून पोरीच्या गाडीसाठी नुसतं पेट्रोल दाराशी ठेवून देईन? त्याने काय वाटून घ्यायचं ते घ्यावं, त्याच्याशी भांडता येतं. पण भिंगरीलाही तसंच वाटलं असेल तर? ते तिलाच विचारायचं, असं मी ठरवलं.

ट्रॅकवर धूळ, फिती, झेंडे आणि कान किटवणारा आवाज. आमची गाडी लाकडी स्टँडवर उभी होती आणि तिच्या सायलेन्सरमधून काळं तेल ओघळलं होतं. भिंगरी उलट्या क्रेटवर बसली होती. चक्क बसली होती.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "मी पोरीला नुसतं पेट्रोल देईन असं वाटलं तुला?"

"तसं नाही गं. मला वाटलं, रागात तू कॅनला हातच लावला नसशील."

"मग विचारायचंस."

"तू बोलत कुठे होतीस?"

मी कप काढला आणि तेल मोजायला लागले. भिंगरी जवळ येऊन उभी राहिली. मी कप तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघून घे. रेघेपर्यंत बरोबर आहे."

"मी कशाला बघू?" ती म्हणाली. "तू थांबणार आहेस ना?"

मी थांबले. गेट पडलं आणि या वेळी तिची गाडी सगळ्यांबरोबर सुटली. मोठ्या उडीशी दर वेळी ती हवेत गेली की मी कडेची फीत घट्ट धरायचे आणि चाकं मातीला लागली की सोडायचे. मला अजिबात मजा आली नाही. पण ती किती छान चालवते हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. ती दुसरी आली. दोन्ही शर्यतींची बेरीज झाली तेव्हा मात्र पाचवी. शिबिराची जागा गेली.

तिने हेल्मेट काढलं आणि लोकांसमोर, नाक ओढत, मनसोक्त रडली. मी तिला जवळ घेतलं. धुळीने माझी साडी मातकट झाली.

गाडी टेम्पोत चढवताना नवरा पट्टे आवळत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सकाळी मी तेल ओतायला लागलो तेव्हा हिने माझा हात धरला होता. म्हणाली, बाबा, नको, आईने घातलं असणार. मीच ऐकलं नाही."

मी भिंगरीकडे पाहिलं. ती बुटांची बकलं काढत होती.

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "तू रागावलीस म्हणून तेल विसरशील का?"

वाटेत तिला काय काय विचारायचं ते मी ठरवून आले होते. त्यातलं आता काहीच विचारायचं उरलं नव्हतं.

"पुढची शर्यत कधी आहे?" मी विचारलं.

तिने तारीख सांगितली. नवऱ्याचे हात पट्ट्यावर थांबले.

"त्या दिवशी दुकान बंद ठेवते," मी म्हटलं. "आणि कॅनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."