पुढच्या बाकाचे वजन

दादाने पान्याच्या दांड्यावर पाय ठेवून सगळा भार टाकला, तेव्हा कुठे शेवटचा बोल्ट कुरकुरत सुटला.

"सुटला एकदाचा," तो घाम पुसत म्हणाला. "बोल्ट कसला, माझा सासराच आहे हा."

कोणी हसले नाही. दादाची मोटरबोट केव्हाच विकली गेली होती. मागे उरला होता हा ट्रेलर. मोटरबोटीचे सगळे ओझे शेपटाकडे, इंजिनाशी. म्हणून चाकेही मागे बसवलेली. बाबांच्या शिडाच्या होडीला इंजिन नव्हते, तिचा भार मधोमध. तेव्हा चाकांचा आस पुढे सरकवायचा, आधाराच्या फळ्या तिच्या पोटाला लागतील अशा जवळ आणायच्या आणि गुंडाळलेल्या शिडासकट आडवी केलेली डोलकाठी टेकवायला पुढे एक खांब उभा करायचा, असे काम होते. आस नेमका कुठे यावा, याचे गणित त्याच्या धाकट्या बहिणीने होडीच्या जुन्या आराखड्यावरून मांडले होते. ती महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवत असे. त्या विषयाची या घरात कोणाला गरज नव्हती; गणिताची होती.

बाबा गॅरेजच्या दाराशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, कोणीतरी ठेवून गेलेल्या वस्तूसारखा.

"फळीवर गालिचा नीट ताणून घे रे," ते म्हणाले. "सुरकुती राहिली तर रंग खरवडेल."

"हो बाबा. रंगच तर द्यायचाय तिला," दादा म्हणाला.

खोटेपणाची वाटणी भावंडांनी न बोलता करून घेतली होती: दादाने बोलायचे, तिने गप्प राहायचे. होडी रंगवून परत आणणार, असे बाबांना सांगितले होते. सकाळी ती ज्याच्या दारी जाणार होती, त्याने ती विकत घेतली होती. "त्यांना सोसणार नाही," हे दादाचे कारण. दुसऱ्याच्या सोसण्याची मोजमापे लोक किती सहज करतात, हे धाकटी वर्गात उत्तम समजावून सांगत असे. इथे ती पाना पुसून त्याच्या हातात देत होती. काम संपायच्या आत मी सांगणार, असे ती कालपासून स्वतःला बजावत होती. आणि काम संपत आले होते.

"आता तरी सांगू या," ती ट्रेलरखाली वाकून पुटपुटली.

"तू सांग मग. आणि नंतर सांभाळायलाही तूच ये," तो तितक्याच हळू म्हणाला.

चरखी फिरवत त्यांनी होडी ट्रेलरवर ओढून घेतली. फळ्या तिच्या पोटाला अचूक भिडल्या. दादाने टेकू काढला, आणि ट्रेलरचे नाक धाडकन जमिनीवर आपटले. दोघांनी मिळून उचलून पाहिले, जेमतेम हलले.

"वा, प्राध्यापकबाई! गाडीला जोडलं तर गाडीच बसेल खाली."

"गणित बरोबर आहे," ती थंडपणे म्हणाली. "होडीत काहीतरी आहे."

तिने पुढच्या बाकाखालचे झाकण उघडले. आत जुन्या शिडाच्या कापडाच्या पिशव्या होत्या, वाळूने भरलेल्या, तोंडे जाड दोऱ्याने शिवलेली, प्रत्येकीला उचलायला कान. एकमेकींना टेकून बसल्या होत्या.

"ही काय भानगड, बाबा?" दादाने विचारले.

"मी एकटा मागे बसलो की ती नाक वर काढते." बाबा म्हणाले. "तुमची आई पुढे बसायची तेव्हा असा त्रास नव्हता."

धाकटीचा हात एका पिशवीच्या कानात अडकून राहिला. आई गेल्यावर बाबा एकटेच पाण्यावर जात, आणि घरातले सगळे त्याला छंद म्हणत. तीही म्हणत असे.

आता बोलायलाच हवे होते. तिने मान वर केली.

"बाबा, ही होडी..."

"काढून ठेवा त्या," बाबा म्हणाले. "घेणाऱ्याचं कोणीतरी असेलच पुढे बसायला."

दादाच्या हातातला पाना तिथेच थांबला.

"रंग द्यायला नेताना शीड कोण सोबत बांधतं रे?" बाबांच्या आवाजात राग नव्हता, फार दमलेल्या माणसाला तो परवडत नाही.

"बाबा, आम्ही सांगणारच होतो..."

"डावीकडचा मागचा बोल्ट ढिला आहे. तो बघ आधी."

दादा खाली वाकला आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेला राहिला.

धाकटीने एकेक पिशवी बाहेर काढली. शेवटची निघाली तशी ट्रेलरचे नाक तिने एका हाताने सहज उचलले. गणित खरेच बरोबर होते. त्याचा तिला कधी नव्हे इतका तिटकारा आला.

"या कुठे ठेवू?" तिने विचारले.

बाबांनी डाव्या हाताने उजवा पाय उचलून जरा बाजूला घेतला आणि खुर्चीशेजारी जागा करून दिली.